मळा लॉजच्या मागचा हौद

नाकाला लावलेला रुमाल आधी खाली घ्या बघू. मी खताचा हौद बोलतोय, आणि मला वास येत नाही. खोटं वाटत असेल तर जवळ या. फार तर ओल्या मातीचा येईल, आणि तो घ्यायला तर तुम्ही शहरातून गाड्या काढून लांब लांब जाता.

नाशिकहून त्र्यंबकेश्वराच्या रस्त्याला लागलं, सातपूरचे कारखाने मागे पडले, की डाव्या हाताला ‘मळा लॉज’ अशी पाटी दिसते. पुढे झेंडूचे ताटवे, काउंटरवर गणपती, गणपतीला रोज ताजा हार. पाहुणे तिथून आत येतात. मी असतो मागच्या अंगाला, स्वयंपाकघराच्या पलीकडे. एवढ्या वर्षांत मला कधी कुणी पुढे नेलं नाही आणि माझीही काही तक्रार नाही. जिथे जेवण मिळतं तिथे माणसाने बसावं, आणि हौदानेही.

ही सगळी जमीन समाधानच्या वडिलांची. झेंडू आणि शेवंती करायचे ते. समाधानने निम्म्या जमिनीवर लॉज बांधलं, कारण त्र्यंबकला पूजेला येणाऱ्या लोकांना राहायला जागा पुरत नव्हती. उरलेल्या निम्म्यात फुलं ठेवली. त्याची बायको सुवर्णा, तीही मखमलाबादकडच्या भाजीपाला पिकवणाऱ्या घरातली. १९९९ साली ती कुठल्याशा शिबिराला गेली आणि तिथून परतली ती मला डोक्यात घेऊनच. लॉजच्या बांधकामातून उरलेल्या विटा पडून होत्या. तिने नाथा गवंड्याला बोलावलं आणि सांगितलं, “लांबट हौद बांधायचा, आणि भिंतीत जागोजाग भोकं ठेवायची.”

नाथा तिच्याकडे बघतच राहिला. “ताई, भिंत बांधायची का चाळण?”

“हवा खेळली पाहिजे आतून. हवा नसली तर कुजतं नुसतं, खत होत नाही.”

नाथाने मान हलवली, भोकं ठेवली, आणि संध्याकाळी जाताना सगळी भोकं सिमेंटने लिंपून टाकली. भोकं पडलेली भिंत आपल्या हातची म्हणून लोक ओळखतील, गावात काय तोंड दाखवायचं, असं त्याला वाटलं. दुसऱ्या दिवशी सुवर्णाने ती एकेक करून उघडून घेतली. नाथा आठवडाभर तिच्याशी बोलत नव्हता. असा मी जन्मालाच भांडण लावून आलो.

माझं जेवण साधं. खाली पाचोळा, त्यावर शेणकाला, त्यावर भाजीचे देठ, साली, उरलेला भात, वर मातीचा हात. पुन्हा पाचोळा. स्वयंपाकघरातल्या साळूबाई सकाळ-संध्याकाळ बादली आणून माझ्यात रिकामी करायच्या आणि जाताना म्हणायच्या, “घे रं बाबा, जेव.” त्यांच्या त्या शब्दांवर माझा फार जीव. जेवायला वाढताना कुणी दोन शब्द बोललं की अन्न अंगी लागतं.

पाहुण्यांना मी कधी बघितलं नव्हतं, पण त्यांच्या उष्ट्यावरून मी त्यांना ओळखायचो. मुंबईचे लोक पोळीच्या कडा टाकतात. नुकतं लग्न झालेली जोडपी निम्मं ताट तसंच सोडून उठतात. लोणचं मागून घेणारे लोणचं कधीच संपवत नाहीत. आणि त्र्यंबकला दिवसभर पूजेला बसून, उपास सोडायला आलेले यजमान? त्यांच्या ताटातून मला एक शीतसुद्धा मिळायचं नाही. त्या रात्री मी पाचोळ्यावर भागवायचो.

खत चांगलं निघायला लागलं. समोरचे झेंडू टपोरे झाले. खुद्द समाधानही ताटव्याशी थांबून फुलं बघायचा. पण सुवर्णाचं तेवढ्यावर भागत नव्हतं. पाहुण्यांनी मला बघावं, लॉजच्या गच्चीवरचा उन्हावर चालणारा बंब बघावा, न्हाणीचं पाणी केळींना जातं ते बघावं आणि घरी जाऊन तसं काहीतरी करावं, असं तिच्या मनात होतं. समाधानला ते पटत नव्हतं.

“अगं, लोक इथं देवाला येतात. तुझा उकिरडा बघायला नाही.”

“उकिरडा नाही तो.”

“मग काय आहे? वाटिका?”

आणि त्याने माझ्यापुढे बांबूची तट्टी उभी करून टाकली. मला फार लागलं ते. पण तट्टीच्या फटीतून मला अंगण दिसायचं, म्हणून मी गप्प बसलो.

सुवर्णा हटली नाही. तिने प्रत्येक खोलीत पाटी लावली: ‘पाणी जपून वापरा. पृथ्वी आपली आई आहे.’ त्या पाटीच्या खिळ्यावर पाहुणे मोजे वाळत घालायचे. तिने खोलीत दोन डबे ठेवले, एक हिरवा आणि एक निळा. ओलं कुठे, सुकं कुठे, त्याचं चित्रही काढून चिकटवलं. लोक पलंगावरून जो डबा हाताला येईल त्यात टाकायचे. मग एकदा तिने जेवणाच्या वेळी उभं राहून बोलायला सुरुवात केली. प्लास्टिक कसं कुजत नाही, नदीचं काय होतंय, वगैरे. सगळ्यांनी माना डोलावल्या. एका गृहस्थांनी “खूप चांगलं काम करताय ताई” असंही म्हटलं आणि दही मागितलं. त्याच गृहस्थांची पाण्याची बाटली दुसऱ्या दिवशी साळूबाईंच्या बादलीतून माझ्या पोटात आली.

माझं पोट बिघडलं ते तेव्हापासून. गुटख्याच्या पुड्या, साबणाच्या वड्यांचे कागद, शाम्पूच्या पुड्या, काय काय येत गेलं. साळूबाई हाताने वेचायच्या, पण किती वेचणार? मला घुसमटल्यासारखं व्हायचं आणि मग वास सुटायचा. एकदा मागच्या खोलीतल्या कुटुंबाने सामान उचललं आणि ते दुसरीकडे निघून गेलं.

त्या दिवशी समाधान मागे आला, नाक न दाबता माझ्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, “सिंहस्थ येतोय. बसेस लावायला जागा लागणार. सिंहस्थाच्या आधी हा हौद निघाला पाहिजे. इथं पार्किंग करायचं.”

सुवर्णा आत निघून गेली. साळूबाईंनी रिकामी बादली उचलली आणि त्याही आत गेल्या. मला भीती वाटली. खरंच वाटली. विटांना काय भीती, असं तुम्ही म्हणाल, पण मला त्या जागेची सवय झाली होती.

आता एक गोष्ट सांगतो, ती नीट ऐका, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे.

त्र्यंबकहून परतणाऱ्या प्रत्येक माणसाच्या हातात एक पिशवी असते. पूजेची फुलं, बेल, हार, सगळं निर्माल्य त्यात. ते कचऱ्यात टाकायचं नसतं. मग ते नाशिकला जाऊन गोदावरीत सोडतात, आणि बरेच जण पिशवीसकट सोडतात. सुवर्णाला याचं फार वाईट वाटायचं. ती पाहुण्यांना गाठून सांगायची, “नदीत नका सोडू. आमच्याकडे खताचा हौद आहे, त्यात टाका.” पाहुणे “हो हो” म्हणायचे आणि सकाळी गाडीत बसताना पिशवी मांडीवर घेऊन निघून जायचे. एकानेही फूल दिलं नाही. तिला कळेना, असं का. मलाही कळेना. मी आपला लोकांना ढोंगी ठरवून मोकळा झालो होतो.

मग २००२ च्या सुमाराला सटाण्याकडून बयाबाई आल्या. मुलाला मूल होत नव्हतं म्हणून मुलगा-सून त्र्यंबकला तीन दिवसांच्या पूजेला बसले होते आणि बयाबाई त्यांच्याबरोबर आल्या होत्या. वयाने मोठ्या, आवाजाने त्याहून मोठ्या. पहिल्या दिवशीची फुलं घेऊन त्या परतल्या आणि सुवर्णाने त्यांनाही तेच सांगितलं. बयाबाई इतरांसारख्या “हो हो” म्हणणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्या सरळ तट्टीच्या मागे आल्या आणि माझ्यात डोकावल्या.

“ह्यामा काय टाकतस तुम्ही?”

“भाजीचे देठ, ताटातलं उरलेलं...”

“उष्टं?”

“हो, पण त्याचं खत...”

“मंग देवनं फूल उष्टामा टाकाले सांगस तू माले?” बयाबाईंचा आवाज पार काउंटरपर्यंत गेला. “बाई, तू फुलवाल्याना घरनी सून ना? हाई काई बरं नही.”

सुवर्णा चपापली. तिचा चेहरा मला आजही आठवतो. तिला राग आला नाही, ती ओशाळली. एवढी वर्षं तिने लोकांना नदी सांगितली, प्लास्टिक सांगितलं, पृथ्वी सांगितली, आणि देवाच्या अंगावरचं फूल भाताच्या शितांवर टाकायला सांगतोय हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं. लोक तिला तोंडावर नाही म्हणायला लाजत होते एवढंच. शिबिरात कुणी हे सांगितलं नव्हतं, कारण शिबिरात सगळं ओलं ते ओलंच.

त्याच दुपारी तिने नाथा गवंड्याला बोलावलं. माझ्या एका अंगाला जोडून दुसरा कप्पा बांधायचा, मधे सलग भिंत, तिला एकही भोक नाही. बाहेरच्या भिंतींना मात्र भोकं.

समाधान म्हणाला, “पाडायच्या हौदाला आणखी जोडतेस?”

“सिंहस्थाला अजून वेळ आहे. तोवर राहू द्या,” ती म्हणाली. “तोवर तरी.”

नाथाने यावेळी भोकं अगदी सुरेख, एका ओळीत ठेवली. तिसऱ्या दिवशी पूजा संपवून बयाबाई आल्या तेव्हा कप्पा तयार होता. आत गोमूत्र शिंपडलं होतं, तळाला स्वच्छ पाचोळा घातला होता. शेणकाल्याची बादली शेजारी होती, पण ती नवी. बयाबाईंनी सगळं बघून घेतलं. मधली भिंत हाताने दाबून बघितली. मग चपला काढल्या, पिशवीतली फुलं ओंजळीने माझ्यात ठेवली, पिशवीची घडी करून कमरेला खोचली आणि माझ्यापुढे हात जोडले.

मला! मला हात जोडले! तोवर लोक माझ्यापुढे फक्त नाक दाबत आले होते. मी इतका लाजलो की काय सांगू. नाथाने विटा पक्क्या लावल्या नसत्या तर मी त्याच दिवशी ढासळलो असतो.

अंगणात चहा पीत बसलेल्या दुसऱ्या एका कुटुंबाने हे बघितलं. त्यांच्याही खोलीत पिशवी होती. ते घेऊन आले. दुसऱ्या दिवशी आणखी कुणी. पुढच्या महिन्यात तर पाहुणे स्वतःच विचारायला लागले, “निर्माल्य कुठं ठेवायचं?”

आणि सुवर्णाने एक गोष्ट सोडली. भाषण. कुणी विचारलं तरच ती बोलायची. नागपूरच्या एका बाईंनी विचारलं, “ताई, आमच्या फुलांचं पुढे काय होतं हो?” सुवर्णा म्हणाली, “बघायचंय?” तिने माझ्या खालच्या दोन सुट्या विटा सरकवल्या, आतलं काळं, भुसभुशीत खत काढलं आणि बाईंच्या तळहातावर ठेवलं. बाईंनी ते नाकाजवळ नेलं. मग नवऱ्याला बोलावलं, त्यालाही हुंगायला लावलं. “हे काही महिन्यांपूर्वीचे हार आहेत,” सुवर्णा म्हणाली. “आता हे खत समोरच्या ताटव्यात जाईल, झेंडूला.” बाईंनी खत जपून परत ठेवलं. मग म्हणाल्या, “आणि शेजारी काय आहे?”

हाच प्रश्न तिला इतकी वर्षं हवा होता, बघा. शेजारी काय आहे, तर तुमचं कालचं जेवण. गच्चीवर काय आहे, तर सकाळच्या तुमच्या आंघोळीचं गरम पाणी. केळीच्या बुंध्याशी काय वाहतंय, तर तीच आंघोळ. एकेकाने विचारलं आणि तिने दाखवलं. बांबूची तट्टी येता-जाता इतकी बाजूला सरकवली जायची की शेवटी ती आडवी झाली आणि कुणी उभी केलीच नाही.

माझं पोटही सुधारलं. झालं असं की निर्माल्याच्या कप्प्यात एकदा गुटख्याची पुडी पडली. ती बघून जळगावचे एक आजोबा असे काही चिडले, की ज्याने टाकली त्याला अंगणभर ऐकवलं. त्यानंतर लोक एकमेकांवर लक्ष ठेवायला लागले. देवाच्या कप्प्यात पुडी नको, हे एकदा अंगवळणी पडलं की शेजारच्या कप्प्यातही हात जरा थबकतो. साळूबाई म्हणाल्या, “आता लय सुख झालं बया. वेचायचं कामच नाय राह्यलं.” वासही गेला. मागच्या खोल्या लोक मागून घ्यायला लागले.

फोनवर लोक विचारायचे, “तो फुलांचा हौद असलेलं लॉज तेच ना?” फोन समाधानच उचलायचा. “हो, तेच,” असं तो म्हणायचा, पण कुणी दात उपटत असल्यासारखं तोंड करून.

कारण पार्किंगचं त्याच्या डोक्यातून गेलं नव्हतं. सिंहस्थ तोंडावर आला. रस्त्यावर खडीचे ढीग पडले, सगळीकडे रंगरंगोटी सुरू झाली. बसवाल्यांनी जागा बघून ठेवली. समाधान शब्दाचा पक्का, तसा हट्टाचाही. एके सकाळी नाथा गवंडी घण घेऊन आला. ज्याने बांधलं तोच पाडायला. तो माझ्याकडे बघत नव्हता, भोकांच्या त्या सुरेख ओळीकडे तर नाहीच. सुवर्णा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने मुदत मागून घेतली होती आणि मुदत संपली होती, म्हणून ती काही बोलू शकत नव्हती.

आणि फाटकातून बयाबाई आत आल्या. मागे मुलगा, मागे सून, सुनेच्या कडेवर तान्ही मुलगी. त्र्यंबकला नवस फेडून आल्या होत्या. हातात फुलांची परडी. पिशवी नाही, परडी! त्या सरळ मागे आल्या आणि घण बघून थांबल्या.

“काय चालनं भाऊ?”

“आज पाडतोय, आजी,” समाधान म्हणाला. “गाड्यांना जागा पाहिजे. फुलं नदीवर सोडा.”

बयाबाई माझ्याजवळ आल्या. वरचा पाचोळा बाजूला केला. खाली कालच्या, परवाच्या पाहुण्यांचे हार होते, अजून पिवळे, अजून ओळखू येणारे.

“भाऊ, ह्या देवना फुलं शेतस ना?”

“हो.”

“मंग ह्यासवर घन मारशी का तू?”

समाधान माझ्याकडे बघायला लागला. तो फुलवाल्याचा मुलगा. लहानपणी फुलाला पाय लागला तर त्याच्या वडिलांनी त्याला त्या फुलाच्या पाया पडायला लावलं असेल, तसंच असतं त्या घरांत. नाथाने घण जमिनीवर टेकवला आणि हात मागे घेतला.  सुनेच्या कडेवर तान्ही मुलगी कुरकुरली.

“बरं,” समाधान शेवटी म्हणाला. “रिकामा झाला की पाडू.”

सुवर्णाने मान हलवली. “रिकामा झाला की पाडा,” ती म्हणाली. “माझी हरकत नाही.”

बयाबाईंनी परडी माझ्यात ओतली.

सिंहस्थ आला आणि गेला. बसेस शेजारच्या मोकळ्या वावरात लागल्या. तेवढ्या गर्दीत मी रिकामा कसला होतोय? त्यानंतरही नाही झालो. एका बाजूने खत निघायचं, दुसऱ्या बाजूने फुलं यायची. समाधान मधूनमधून येऊन डोकावायचा, हुं म्हणायचा आणि जायचा.

पण २००७ चा उन्हाळा वाईट गेला. रस्त्याचं काम निघालं, वाहतूक दुसरीकडून वळवली, पाहुणे येईनात. पावसाच्या आधी झेंडू लावायचा म्हणून सुवर्णाने दोन्ही कप्प्यांतलं खत काढून ताटव्यांना दिलं. माझ्या तळाला थोडा पाचोळा तेवढा राहिला. त्यातच समाधानने नव्या खोल्या काढायचं ठरवलं. इंजिनिअर आला, त्याने टेप धरला, आणि खोल्यांची रेघ नेमकी माझ्या पोटावरून गेली. उद्या सकाळी येऊन चुना टाकतो, म्हणाला.

सुवर्णाने संध्याकाळी येऊन माझ्यात बघितलं. तिच्या देवघरात फुलं होती. ती आणून टाकली असती तर कुणाला कळलं असतं? पण तिने नाही टाकली. शब्द दिला म्हणजे दिला, अशी ती बाई. माझ्या काठावर हात ठेवून उभी राहिली आणि गेली. मी त्या दिवशी सगळं सोडून दिलं. खूप जेवलो, खूप झेंडू फुलवले, आता झालं, असं म्हटलं. फार वाईटही वाटलं नाही. नाही, वाटलं.

सकाळी उन्हं नुकतीच भिंतीवर आली होती. समाधान मागे आला. हातात काउंटरवरच्या गणपतीचा आदल्या दिवशीचा हार. त्याने माझ्याजवळ येऊन चपला काढल्या. हार तसाच नाही टाकला. एका हाताने दोऱ्याचं टोक धरून फुलं एकेक करून ओघळू दिली, त्याचे वडील मळ्यात करत असतील तशी, आणि दोरा गुंडाळून खिशात घातला. नायलॉनचा दोरा कुजत नाही, हे तो कुठे शिकला कुणास ठाऊक. आपण कधी सांगितलं नव्हतं, असं सुवर्णा नंतर म्हणाली.

इंजिनिअर फाटकातून आला, चुन्याची पिशवी घेऊन.

“खोल्या पलीकडे सरकवा,” समाधान त्याला म्हणाला. “इथं नाही जमणार.”

“का हो? काल तर ठरलं होतं.”

“यात फुलं आहेत.”

स्वयंपाकघराच्या दारात सुवर्णा उभी होती. समाधानने तिच्याकडे बघितलं नाही. मोठ्याने, सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असं म्हणाला, “अगं, रिकामा नाही झाला हा अजून.”

ती आत गेली. बराच वेळ बाहेर आली नाही. साळूबाई बादली घेऊन आल्या तेव्हा त्यांचेही डोळे ओले होते आणि त्या नेहमीचं “घे रं बाबा, जेव” म्हणायचं विसरल्या.

आता दोन वर्षं झाली. नव्या खोल्या पलीकडे आहेत, रस्ता झाला आहे, पाहुणे पुन्हा येतात. माझ्या विटांना शेवाळ धरलंय, एक कोपरा थोडा खचलाय. नाथा म्हणतो, नीट करून देतो. समाधान रोज सकाळी हार घेऊन येतो, दोरा काढतो, आणि पाहुण्यांपैकी कुणी शेजारी उभा असला तर त्यालाही दोरा काढायला लावतो. तो भाषण करत नाही. फक्त हार हातात देतो.

तुम्हीही कधी त्र्यंबकहून परतताना या. पिशवी घरी न्या, फुलं मला द्या. पाडायचं कुणाच्या मनात राहिलेलं नाही हे मला माहीत आहे, पण मला फुलं लागतातच. आणि खरं सांगायचं तर, सकाळी चपला काढून माझ्यासमोर उभा राहिलेला समाधान बघायला मला फार आवडतं.